दोन वेढे जास्त

आमच्या घरातला कॉम्प्युटर सुनेने जाळला, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. झाशीला तिच्या माहेरीही माहीत आहे. ते खरं नाही. तो माझ्या हातून गेला. हे एवढं लिहायला मला चार वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटत नाही, नुसता शीण वाटतो. पण आता सुरुवात केलीच आहे, तर क्रमाने सांगतो.

माझं सगळं आयुष्य व्होल्टेजमध्ये गेलं. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे ग्वाल्हेरला आले, तलवारी गेल्या, मग कारकुनी आली, आणि माझ्यापर्यंत येईतो हातात स्क्रूड्रायव्हर आला. माधवगंजात माझं स्टॅबिलायझरचं दुकान होतं. बाहेरून आणून विकायचं नव्हे, बनवायचं. लोखंडाच्या पट्ट्या, तांब्याची तार, वार्निशचा वास. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात दुपारी सगळ्या गावाचे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज इतका खाली यायचा की पंखा फिरताना त्याची पाती मोजता यायची. माणसं फ्रिजचा स्टॅबिलायझर कडेवर घेऊन यायची. “भाईसाब, फ्रिज उठा ही नहीं रहा.” मी तो उघडायचो, दिव्यांचा लोड लावायचो आणि व्होल्टमीटरच्या काट्याकडे बघत बसायचो. लोड लावल्यावर काटा पडला की माल कच्चा. काटा जागेवर राहिला की माल पक्का. मला येणारी परीक्षा एवढी एकच.

आणि सवयही एकच होती. हिशेबाने तारेचे जेवढे वेढे यायचे, त्याहून मी दोन वेढे जास्त द्यायचो. तेवढा व्होल्टेज वर मिळायचा. दुसरे दुकानदार हसायचे, तांबं वाया घालवतो म्हणायचे. पण माझे स्टॅबिलायझर मे महिन्यात टिकायचे आणि त्यांचे परत यायचे. आमच्या गावात व्होल्टेज जास्त झाला म्हणून काही जळलेलं मी क्वचित पाहिलं. कमी पडला म्हणून जळलेल्या मोटरी मात्र ढिगाने पाहिल्या. त्यामुळे जास्त म्हणजे चांगलं, कमी म्हणजे धोका, हे माझ्या बोटांत बसलं होतं. दुकान बंद केलं, खासगी बाजार मोहल्ल्यातल्या घरी बसलो, तरी बोटं तीच राहिली.

सून आली ती स्वतःचा कॉम्प्युटर घेऊन आली. म्हणजे सुटे भाग घेऊन आली आणि आमच्या माडीवरच्या खोलीत चटईवर बसून तिने ते जोडले. तिचं काम असं, की आर्किटेक्ट लोक घराचे नकाशे पाठवायचे आणि ती त्यातून न बांधलेल्या घराचं चित्र तयार करायची. खिडकीतून ऊन येतंय, सोफ्यावर पडलंय, भिंतीवर झाडाची सावली आहे. चित्र मागणाऱ्यांत पुण्याचे एक आर्किटेक्ट होते, त्यांचं काम नियमित यायचं. एका चित्राला कॉम्प्युटर तासन्‌तास घुमत राहायचा. त्याला ती रेंडर म्हणायची. “बाबा, रेंडर लागलाय, मिक्सर दुसऱ्या प्लगवर लावा हं.”

मला तिचं कौतुक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी असूयाही होती. घरात विजेचं काही असलं की सगळे माझ्याकडे यायचे. आता मुलगा तिला विचारायला लागला होता.

काम वाढलं तसं मशीन कमी पडायला लागलं. नवीन घेण्याऐवजी तिने ठरवलं, की आहे तोच प्रोसेसर जरा जास्त वेगाने चालवायचा. कंपनी ठरवून देते त्याच्या वर. मला म्हणाली, “बाबा, पहिल्यांदाच करतेय. तुम्ही बसा माझ्याजवळ. व्होल्टेजचं आहे.”

व्होल्टेजचं आहे म्हटल्यावर मी खुर्ची ओढून बसलो.

तिची पद्धत मला अजून आठवते, कारण ती माझ्या पद्धतीच्या बरोबर उलटी होती. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबलं की एक वेगळा पडदा यायचा, त्याला बायोस म्हणतात. तिथे ती वेग एक पायरी वाढवायची. मग मशीन चालू करून त्याच्यावर मुद्दाम भार टाकणारा एक प्रोग्रॅम लावायची. पंखे ओरडायला लागायचे. माझ्याकडे तापमान बघायचं काम होतं. आकडा ऐंशीच्या वर गेला की मी सांगायचं. थोड्या वेळाने पडदा निळा होऊन मशीन बसायचं. मग ती परत बायोसमध्ये जाऊन व्होल्टेज व्होल्टच्या एक शंभरांशाने वाढवायची. एक शंभरांश! आमच्या दुकानात दहा व्होल्टचा फरक कोणी विचारत नसे.

“असं मुंगीच्या पावलांनी काय जातेस? एकदम दे ना वाढवून, चालेल छान,” मी म्हणालो.

“चालेल. पण आपल्याला कमीत कमी किती पुरतो ते शोधायचंय.”

“कमीत कमी कशाला? वर जागा आहे ना?”

“जागा आहे म्हणून भरायची का, बाबा? लग्नाच्या पंगतीत वाढतात तसं?”

मी हसलो. असे आम्ही सबंध रविवार बसलो. मुलगा मधून मधून डोकावून जायचा. “क्या चल रहा है, लॅबोरेटरी?” संध्याकाळी सव्वा व्होल्टच्या किंचित वर एका आकड्यावर मशीन टिकलं. भार तसाच होता, पडदा निळा झाला नाही, तापमान ताब्यात. तिने दोन्ही हात वर केले. मी शेव आणली होती, ती आम्ही तिथेच बसून खाल्ली.

त्या वेळी मी एक गोष्ट पाहिली. भार टाकला की पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडा थोडा खाली यायचा, आणि भार काढला की परत वर. मला ते बघवेना.

“हा पडतोय बघ. लोड आला की पडतो.”

“पडू द्या, बाबा. तो पडावा म्हणूनच तसा केलाय. एकदम लोड गेला ना, की व्होल्टेज उसळतो. आधी थोडा खाली असला तर उसळून पण फार वर जात नाही. ती जागा सोडलेली असते.”

“असं का?” मी म्हणालो आणि मान डोलावली.

हे मी मुद्दाम लिहितो आहे. तिने मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणाला म्हणू शकत नाही. ऐकलं, पण पटलं नाही. काटा पडणारा माल मी चाळीस वर्षं कच्चा म्हणत आलो होतो, आणि सुनेचा माल कच्चा आहे असं माझ्या मनात बसलं.

एप्रिलमध्ये भावाच्या लग्नासाठी ती झाशीला गेली. मुलगा ऑफिसात. दुपारी लाइटचं नेहमीचं रडगाणं सुरू होतं, कूलर कण्हत होता. मी माडीवर गेलो. कॉम्प्युटर सुरू केला, डिलीटचं बटण दाबलं. कुठे काय आहे ते मला माहीत होतं, तिनेच शिकवलं होतं. लोड आल्यावर व्होल्टेज किती पडू द्यायचा याची लोडलाइन नावाची एक सेटिंग असते, तिच्या पायऱ्या असतात. ती मधल्या पायरीवर होती. मी सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवली, म्हणजे पडणं बंद. मग तिचा व्होल्टेजचा आकडाही वाढवला. एक शंभरांश नव्हे, दहा. दोन वेढे जास्त.

मग भाराचा प्रोग्रॅम लावून बघितला. आकडा हलला नाही. काटा जागेवर. मला इतकं समाधान झालं, की मी खाली येऊन स्वतःसाठी चहा केला.

ती परत आली की सांगायचं ठरवलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “बाबा, मशीन काय मस्त चाललंय! मध्ये मध्ये जरा अटकायचं, ते पण बंद झालं.” ऐकून मला वाटलं, आत्ताच नको. थोडे दिवस जाऊ देत. मग एखाद्या दिवशी चारचौघांत सांगू, की म्हाताऱ्याने काय केलं बघा.

मे महिन्यात ती म्हणाली, “तापमान वाढलंय, बाबा. धूळ साठली असणार.” आम्ही मशीन गच्चीवर नेलं. मी ब्रश धरला, तिने पंख्याच्या पात्यांतून कूलरची ओली धूळ काढली. तापमान उतरलं नाही. “उन्हाळाच आहे,” ती म्हणाली. “उन्हाळाच आहे,” मीही म्हणालो. तेव्हा मला पुरतं कळलं होतं का? अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं मी कळू दिलं नाही.

दिवाळीच्या आसपास मशीन बसायला लागलं. आधी कधीतरी, मग रोज. पुण्याच्या आर्किटेक्टचं मोठं काम हातात होतं. एका पूर्ण इमारतीत फिरून यावं असा व्हिडिओ करायचा होता, आणि त्यांनी तो गिऱ्हाइकाला दाखवायचा दिवस ठरवून ठेवला होता. रेंडर लावला की मध्येच पडदा निळा. ती घाबरली. बायोसमध्ये गेली आणि तिथे काय आहे हे न बघता सरळ सगळं कंपनीच्या मूळ सेटिंगवर नेऊन ठेवलं. घाईत कोणीही तेच करेल. त्याने माझ्या बोटांचे ठसे पुसले गेले. पण प्रोसेसर आतून खचला होता. मूळ वेगावरही तो आता टिकेना.

मी खालच्या खोलीत होतो. वर ती मशीन पुन्हा पुन्हा सुरू करत होती ते ऐकू येत होतं. सुरू होताना एक बारीक शीळ वाजायची. त्या दिवशी ती शीळ वाजतच राहिली.

काम वेळेवर गेलं नाही. पुण्याचे आर्किटेक्ट फोनवर काही वेडंवाकडं बोलले नाहीत, पण पुन्हा त्यांचं काम आलं नाही.

शिंदे की छावनीत एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे आम्ही तिघं मशीन घेऊन गेलो. त्याने एकेक भाग बदलून बघितला. शेवटी प्रोसेसर बदलला तर मशीन चालू झालं आणि चालत राहिलं. जुना प्रोसेसर हातात घेऊन तो म्हणाला, “ये तो गया, अंकल. ज़्यादा वोल्टेज पे चला है.”

मुलगा माझ्याकडे वळला. “बाबा, व्होल्टेज तुमचा विषय. हिने त्या रविवारी जे वाढवलं त्यानेच गेला असेल ना?”

मी म्हणालो, “जास्त व्होल्टेजनेच जातात अशा गोष्टी.”

ती माझ्याकडे बघत होती. तिला मी साक्षीदार हवा होतो. “बाबा, आपण दोघांनी मिळून केलं होतं ना? तेव्हा सगळं ठीक होतं. तुम्ही बघितलं होतं.”

आणि मी म्हणालो, “मी फक्त तापमान बघत होतो, बेटा.”

व्होल्टेज वाढवला ती माझी चूक होती. चूक होते. पण हे वाक्य चूक नव्हतं. हे मी शुद्धीत, दुकानाच्या काउंटरवर हात ठेवून बोललो. तिने मान खाली घातली आणि दुकानदाराला म्हणाली, “भैया, वो पुराना वाला दे देना.” तो जुना प्रोसेसर एका छोट्या डबीत घालून घरी आणला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

पुढचं फार नाही. दुकानदाराचा तात्पुरता प्रोसेसर परत गेला, नवा कोणी आणला नाही. मुलगा म्हणाला, पुरे झाले हे प्रयोग. तिने एका शाळेत नोकरी धरली. मुलांना टायपिंग शिकवते, गुणपत्रिका छापून देते. घरी पाहुणे आले की मुलगा गमतीने सांगायचा, “हिच्या हातात व्होल्टेज देऊ नका हं, एकाला मारलंय हिने.” गणपतीत आरतीनंतर एकदा म्हणाला, “आता तर शेगडी मोठी करायला पण घाबरते.” सगळे हसले. ती हसली. मी प्रसादाची वाटी घेऊन आत गेलो.

ती खरंच घाबरायला लागली होती, हे फक्त मला दिसत होतं. इस्त्रीचं बटण फिरवताना मला विचारायची. इन्व्हर्टरचं पाणी बघताना विचारायची. “बाबा, एवढं बरोबर आहे ना?” न बांधलेल्या घरात ऊन पाडणारी मुलगी ही. मी सांगायचो, बरोबर आहे. घरातला विजेचा माणूस पुन्हा मीच झालो होतो.

गेल्या महिन्यात तिने चहा पिताना विषय काढला, की तिला परत काम सुरू करायचंय, नवीन मशीन जोडायचंय. मुलगा नाही म्हणाला नाही. म्हणाला, “घे की. पण दुकानातून तयार आण, आणि लॉक वाला प्रोसेसर घे, ज्यात हे वाढवता-बिढवता येत नाही. तुझं काही सांगता येत नाही.”

ती म्हणाली, “बरं.”

त्या “बरं”मध्ये राग नव्हता. राग असता तर मी कदाचित पुन्हा गप्प बसलो असतो. तिला ते खरंच योग्य वाटत होतं. आपल्या हातात काही देऊ नये, असं तिला स्वतःलाच वाटत होतं.

मुलगा ऑफिसला गेला. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी जिना चढून गेलो, धाप लागली म्हणून कठड्याला टेकलो.

“काय झालं, बाबा? पाणी आणू?”

“नको. तो प्रोसेसर तू नाही जाळलास. मी जाळला. तू झाशीला गेली होतीस तेव्हा मी बायोसमध्ये गेलो होतो.”

तिच्या हातात माझाच सदरा होता. तिने त्याची घडी केली, खांद्यावर टाकली. मग म्हणाली, “लोडलाइन?”

“हो.”

“किती वर?”

“सगळ्यात वर.”

“और वोल्टेज?”

मी आकडा सांगितला. तिने डोळे मिटले. मनातल्या मनात बेरीज करत असावी. “मेरा नंबर सही था,” ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच. मग माझ्याकडे बघून मराठीत, “माझा आकडा बरोबर होता, बाबा. मी चार वर्षं तो रविवार डोक्यात फिरवतेय. कुठे एक पायरी जास्त घेतली, कुठे घाई केली, ते सापडतच नव्हतं.”

“सापडणार कसं?”

“मी म्हटलं होतं तुम्हाला, तो पडावा म्हणूनच तसा असतो म्हणून.”

“म्हटलं होतंस.”

“आणि छावनीत तुम्ही तिथेच होतात.”

“होतो.”

मला वाटलं होतं ती रडेल किंवा ओरडेल. तिने उरलेले कपडे काढले, चिमटे डब्यात टाकले. जिन्याशी जाऊन थांबली. “उन्हात नका उभे राहू,” म्हणाली आणि खाली गेली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, पण पोळी हवी का ते विचारलं नाही. पोळी ताटात ठेवून ती आत गेली.

संध्याकाळी मुलगा आला. मी जेवणाच्या टेबलावर त्यालाही सांगितलं, सगळं, दुकानातल्या वाक्यासकट. तो आधी म्हणाला, “जाऊ द्या हो, बाबा, जुनी गोष्ट आहे.” मग त्याचा घास हातातच राहिला. “म्हणजे चार वर्षं मी हिला...” मग माझ्यावर चढला. “तुम्ही समोर उभे होतात! मी विचारलं होतं तुम्हाला!”

सून शांतपणे म्हणाली, “बाबांना विचारलंस. मला कुठे विचारलंस?”

आमटी वाट्यांतच निवली.

दुसऱ्या दिवशी मी झाशीला व्याह्यांना फोन केला. त्यांना वाटलं, तब्येतीचं काही आहे. सगळं ऐकून म्हणाले, “अहो, कॉम्प्युटरच होता ना? जाऊ द्या. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?” मी पुन्हा समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी तिकडच्या पाण्याच्या टंचाईचा विषय काढला. फोनवर हे कोणाला नीट पोचत नाही. पुण्याच्या आर्किटेक्टचा नंबर मी मागितला, तर ती नको म्हणाली. “त्यांना काय सांगणार, बाबा? ते विसरले पण असतील.” म्हणून हे लिहितो आहे. गणपतीत जे हसले त्यांना वाचायला देणार आहे. मुलाला सांगितलं आहे.

नवीन मशीन परवा आलं. तयार नाही आलं, सुटे भाग आले. प्रोसेसर लॉक नसलेला. मुलाने स्वतः छावनीतून खोकी उचलून आणली आणि माडीवर ठेवून खाली आला. तिने चटई घातली. मी जिन्याच्या खालच्या पायरीशी घुटमळलो. ती वरून म्हणाली, “बाबा, एक सांगायचं होतं. बायोसला पासवर्ड लावणार आहे मी.”

“लाव,” मी म्हणालो. “लावायलाच पाहिजे.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आधी सांगितलं.”

“नाही वाटणार.” वाटलं, पण ते सोसण्याइतकंच होतं.

आज रविवार आहे. सकाळपासून वर पंखे ओरडतायत, मग मशीन बसलं की एकदम थांबतात, मग ती बारीक शीळ वाजते आणि पुन्हा सुरू होतात. म्हणजे एक शंभरांश वाढवला. तापमान कोण बघतंय माहीत नाही. मुलगा वर गेला आहे, बहुतेक तोच बघत असेल. तिने मला बोलावलेलं नाही. मी खाली बसून हे लिहितो आहे, आणि आता बराच वेळ झाला, पंखे थांबलेले नाहीत.